चाचांचा बिनदुधाचा पाव

आमच्या घरमालक चाचांइतका मशीनला जीव लावणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. मी नर्सबाई. आलापल्लीच्या दवाखान्यात पाच वर्षं काढली, ती त्यांच्याच मागच्या दोन खोल्यांत. चाचांची सगळी उमर आरामशीनवर, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरणीत, मिस्त्री म्हणून गेली. काम सुटल्यावर त्यांचे हात शिवशिवायला लागले, तेव्हा जावयानं सौदीहून पाव भाजायचं मशीन आणून दिलं. वरून पीठ-पाणी टाका, बटन दाबा, तीन तासांनी पाव काढा. दुसरा कोणी असता तर बटन दाबून आडवा झाला असता. चाचा मशीनजवळ स्टूल टाकून बसायचे आणि स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक मशीनला, दुसरं कानाला लावून आत पीठ मळल्याचा आवाज ऐकायचे. "पीठ जड चालून राह्यलं," असं जाहीर करून झाकण उघडायचे आणि चमचाभर पाणी सोडायचे. तेवढे तीन तास गल्लीत कोणी पाण्याची मोटर लावायची नाही, मिक्सर फिरवायचा नाही, कारण व्होल्टेज पडतं. एकदा मी इस्त्री लावली, तर खिडकीत येऊन असे उभे राहिले, जणू मी कोणाचा ऑक्सिजनच काढला होता. "माह्या बुखाराची त्यायनं कधी इतकी फिकर केली नाई," असं चाची म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

ईदच्या पावाचं तर विचारूच नका. त्यात दूध, तूप, वेलची, मनुका, वरून केशर. तो गल्लीत झाडून सगळ्या घरी जायचा, पण पहिला पाव दादांचा. दादा म्हणजे चाचांचे जंगलातले दोस्त, आतल्या एका माडिया आदिवासींच्या गावात राहणारे. तरुणपणी तेही आरामशीनवर ओंडके चढवायला होते. एकदा पट्टा तुटून चाचांचा पाय फाटला, तेव्हा ह्याच दादांनी त्यांना पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठला. त्याला चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून दर ईदला दादा यायचे, ओसरीवर बसायचे, शीरखुर्मा पुढे केला की पोट भरलंय म्हणायचे, कोरा चहा घ्यायचे आणि चाचींनी दिलेलं जे काही असेल ते पंच्यात बांधून न्यायचे. मशीन आल्यापासून पाव न्यायला लागले. दादा तो घरी नेऊन लेकराबाळांसोबत खातात, असं चाचा अभिमानानं सगळ्यांना सांगायचे.

आणि मग माझी ही जीभ! लसीकरणासाठी मी दादांच्या गावी गेले होते. चहात थोडं दूध मागितलं तर त्यांची सून हसायलाच लागली. गावात गाई भरपूर, पण धार कोणी काढत नाही. दूध वासराचं, माणसाचा त्यावर हक्क नाही, असं ते मानतात. मग ईदच्या पावाचं काय करता, मी विचारलं. सासरे तो वाटेतल्या नाक्यावरच्या चौकीदाराला देऊन टाकतात, असं तिनं अगदी सहज सांगितलं. मी तरी गप्प बसावं की नाही? संध्याकाळी मोठी गंमत म्हणून चाचांना सांगून मोकळी झाले. चाचा हसले नाहीत. बराच वेळ ते पायावरच्या जुन्या खुणेवरून हात फिरवत राहिले.

"चाळीस वर्षं झाले, बाई," ते म्हणाले. "त्यानं माह्या घरचा एक घास खाल्ला नाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ईदला दीड महिना होता. येत्या ईदला दादांनी आपल्या ओसरीवर बसून पोटभर खाल्लं पाहिजे, एवढंच चाचांनी मनात घेतलं. त्या दीड महिन्यात मी जे पाव खाल्ले ते वैऱ्याच्याही ताटात पडू नयेत. त्यात रमजान लागला. चाचा-चाचींचे रोजे, म्हणून दिवसा चव बघायचं काम माझ्याच गळ्यात. नुसत्या पाण्याचा पाव विटेसारखा झाला. नारळाच्या दुधाचा इतका फुगला की झाकणाला चिकटला, तो पान्यानं खरवडावा लागला. मग गोडीसाठी मोहफुलं भिजवून ते पाणी घातलं, आणि पीठ फुगायच्या ऐन वेळी लाइट गेली. चार तास ते आतल्या आत आंबत राहिलं आणि मोहाच्या दारूचा वास गल्लीभर सुटला. पाच वक्ताचे नमाजी चाचा आता घरीच गाळायला लागले की काय, हे बघायला दोघंतिघं येऊन गेले. एकजण तर ग्लास घेऊनच आला होता. चाचा लाजेनं दोन दिवस चौकात फिरकले नाहीत.

शेवटी चाचींनाच चारोळी सुचली. दादा दर उन्हाळ्यात जंगलातून आणून देत, ती डबाभर पडलेली होती. चाचींनी ती भिजवून पाट्यावर वाटली, फडक्यातून गाळली, आणि दाट पांढरं दूध निघालं. तुपाऐवजी तिळाचं तेल घातलं. ह्या वेळी पाव हलका, मऊ, तांबूस झाला. मी तुकडा तोंडात टाकला आणि चाचा माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिले. छान झालाय म्हटल्यावर ते उठून आत गेले, थेट नमाजाला.

ईदच्या सकाळी दादा आले. चाचांनी ताटली त्यांच्यापुढे ठेवली.

"यात दूध नाई, तूप नाई. तुह्याच चारोळीचा हाय," ते म्हणाले.

दादांनी पावाचा वास घेतला, तुकडा तोडला, सावकाश खाल्ला. मग दुसरा तोडला. अर्धा पाव संपला तोवर चाचींचा पदर डोळ्यांना होता आणि मीही रडत होते, लपवायचं कशाला. न राहवून चाचांनी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं काऊन नाई?

"तू खुशीनं देत होता," दादा म्हणाले. "अन् सांगाचं काय त्यात? माह्या घरी आला असता तं दिसलं असतं."

चाळीस वर्षांत चाचा एकदाही त्या गावी गेले नव्हते. कधी रस्ता खराब, कधी पाय दुखतोय, नंतर नंतर मशीन चालू आहे.

बासी ईदेला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, त्यांनी मशीनचा प्लग काढला आणि पहिली बस धरली. बस सोडल्यावर तासभर चालावं लागतं. संध्याकाळी परतले ते धुळीनं माखलेले. ताकाशिवायची आंबील प्यायलो म्हणाले, वासरं काय गुबगुबीत आहेत तिथली म्हणाले. मग चप्पल काढता काढता थांबले.

"त्याच्या बायकोले जाऊन दोन वर्षं झाले, बाई. दोन ईदा तो इथी येऊन बसला. मी त्याले पावच दाखवत राह्यलो."

आता माझी बदली चंद्रपूरला झाली आहे. इथे पाव पाकिटातून येतो आणि कोणाच्याही इस्त्रीनं त्याचं काही बिघडत नाही. चाचांची फार आठवण येते. ईदला मुबारक म्हणायला फोन करते, तर चाचीच उचलतात. चाचा घरी नसतात. नमाज झाल्या झाल्या पाव घेऊन दादांकडे गेलेले असतात.