अंजूरच्या बँडात सेकंड कुणीच नव्हतं

शेलार गावची ललिता अंजूरच्या एका गोडाऊनमध्ये मालाची आवक-जावक बघायची. गोडाऊन महादूशेठचं. पूर्वी तिथं त्यांची भातशेती होती, आता पत्र्याखाली कधी साबण, कधी पंखे, कधी चपला. ललिताचे वडील भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे. ते गेल्यावर पेटी तिच्याकडे आली आणि शेलारात जयंतीला, लग्नाकार्याला तीच वाजवू लागली. संगीताशी तिचं नातं एवढंच, आणि तेवढ्यात ती समाधानी होती.

महादूशेठच्या एका भाडेकरूनं फोन उचलणं बंद केलं. त्याचा माल तसाच पडून राहिला. नोटिसा झाल्या, वकील झाले, शेवटी माल शेठच्या पदरात पडला. मालाच्या लाकडी पेट्या फोडल्या तर भुशात पितळी बाजे. लांब नळीचे, पुढे-मागे सरकणारे. पहिल्या पेटीत तेच, दुसरीत तेच. शेवटच्या पेटीत तरी एखादा ढोल निघेल म्हणून शेठ खुर्ची टाकून बसले होते. तिच्यातही तेच निघाले.

"ललिता, याला काय बोलतात?"

"ट्रोम्बोन, शेठ."

"सगलं तेच हाय?"

"सगळं तेच आहे."

कल्याणहून एक बँडवाला येऊन बघून गेला. म्हणाला, एका बँडात एक लागतो, फार तर दोन. एवढ्यांचं कुणी काय करायचं? शेठना हे लागलं. ज्या वस्तूला कुणी विचारत नाही ती आपल्याकडं ढिगानं आहे, यात त्यांना खानदानाची नाचक्की दिसली. वैशाखात त्यांच्या मुलाचं, भाविकचं लग्न होतं. त्यांनी जाहीर करून टाकलं की वरातीला डीजे नाही, भाड्याचा बँड नाही. बँड घरचा, वाजवणारे भावकीतले, आणि गाणी बसवणार ललिता.

"शेठ, मला पेटी येते. हे वेगळं आहे."

"पेटीतनं हवाच जाते ना? यातनंबी हवाच जाते."



पहिल्या तालमीला सगळ्यांनी मिळून एकच चाल फुंकली. म्हणजे फुंकायचा प्रयत्न केला. गोडाऊनचं गंजलेलं शटर कुणीतरी अर्ध्यावर नेऊन सोडून द्यावं तसा आवाज आला. शेजारच्या तबेल्यातल्या म्हशी दावं तोडून खाडीच्या बाजूला पळाल्या. भावकी मात्र खूश होती. महादूशेठ म्हणाले, "आवाज भारी हाय. आता जरा गाण्यासारखा कर."

ललिता शेलारच्या नागसेन मास्तरांकडे गेली. मास्तर पोलीस बँडातून निवृत्त झालेले. त्यांचा डावा कान गेलेला, कारण नोकरीभर त्या बाजूला सर्वांत मोठा बाजा उभा असायचा. त्यांच्या उजवीकडे बसून तिनं सगळी हकीकत सांगितली. मास्तर बराच वेळ हसले, मग गंभीर झाले.

"सगळे एकदम एकच बोलत असतील तर त्याला मोर्चा म्हणतात," ते म्हणाले. "बँडात एकानं बोलायचं, दुसऱ्यानं त्याच्या खाली उभं राहायचं, तिसऱ्यानं गप्प बसायचं. कोण कधी गप्प बसणार ते आधी ठरव. मग राहिलेलं गाणं आपोआप दिसतं."

ललिता शिकू लागली. गोडाऊनची ड्युटी संपली की मास्तरांकडं, घरी आली की मोबाईलवरचे धडे. पेटीवर एक स्वर धरायचा आणि त्याखाली दुसरा ठेवून बघायचा; कधी तो खांदा देतो, कधी पाय ओढतो. तीन स्वर फार जवळ बसवले की खालच्या पट्टीत नुसता चिखल होतो, थोडे लांब बसवले की मधून हवा खेळते. ही गोष्ट तिला इतकी आवडली की ती रिक्षात बसल्या बसल्या बाजूच्या पॅसेंजरांचे आवाज मनातल्या मनात वरखाली लावून बघायची. तिची आई शांताबाई म्हणाली, "पोरी, समोरच्याचं ऐकत जा, त्याला वाजवत नको जाऊस."

महिन्याभरात तिनं पहिली बांधणी केली. वरची चाल महादूशेठच्या पुतण्याला, मितेशला. त्याखालचा आवाज दुसऱ्या पुतण्याला, भूपेशला. कागदावर तिनं साधेपणानं लिहिलं: मितेश फर्स्ट, भूपेश सेकंड.

दुसऱ्या दिवशी भूपेशचे वडील गोडाऊनमध्ये येऊन उभे राहिले.

"मना यक सांग. माझा पोरगा सेकंड कसा काय?"

"काका, सेकंड म्हणजे खालचा नंबर नाही. तो दुसरा आवाज आहे. त्याच्याशिवाय पहिला उघडा पडतो."

"मग मितेशला सेकंड कर. पडंल उघडा."

त्या आठवड्यात तालीम झाली नाही. भावकीची बैठक झाली. जमिनीच्या वाटणीत कुणाला रस्त्याकडची बाजू गेली आणि कुणाला खाडीकडची, तेही त्यात निघालं. ललितानं कागद बदलला. आता मितेश 'फर्स्ट' होता आणि भूपेश 'पहिला'. यावर दोन्ही घरं समाधानी झाली. ते पाहून बाकीचेही आले, आणि शेवटी त्या बँडात फर्स्ट, पहिला, एक नंबर, मेन, लीड आणि मुख्य असे सगळेच झाले. सेकंड कुणीच नव्हतं. पण नुसत्या नावानं भागेना. प्रत्येकाला चाल हवी होती. मग तिनं चालीचे तुकडे केले. एक ओळ एकाकडं, पुढची दुसऱ्याकडं, आणि ज्याच्याकडं चाल नाही त्यानं खालून साथ धरायची. गंमत अशी की गाणं त्यामुळं सुधारलं. चाल रांगेतून अशी फिरू लागली जशी पंगतीत तुपाची वाटी फिरते. मास्तरांनी उजवा कान पुढं करून ऐकलं आणि म्हणाले, "हे तुला कुणी शिकवलं?"

"भावकीनं," ललिता म्हणाली.

राहिले महादूशेठ. त्यांनाही वाजवायचं होतं, आणि त्यांना एकच स्वर येत होता. नळी पूर्ण आत असताना लागतो तो. नळी हलवली की त्यांचा श्वास हरवायचा. ललितानं चार दिवस विचार केला आणि सगळ्या गाण्याची पट्टी त्यांच्या स्वरावर आणून ठेवली. तोच षड्ज.

"शेठ, तुम्ही हलायचं नाही. गाणं तुमच्यावर उभं आहे. इमारतीची प्लिंथ असते ना, जोतं, तसं."

प्लिंथ शेठना कळत होती. त्यानंतर ते असे स्थिर वाजवू लागले की थांबायची खूण केली तरी थांबत नसत.

वरात निघाली. अंजूरहून माणसं टेम्पोनं आली आणि धामणकर नाक्याच्या अलीकडून चालत निघाली. भाविक घोड्यावर, पुढं बँड, पुढं नाचणारे. रस्ता अरुंद आणि नळ्या लांब, त्यामुळं नाचणाऱ्यांच्या पाठीत मधूनमधून पितळ बसत होतं आणि ते अधिकच नाचत होते. ललिता मागं तोंड करून, हात हलवत उलटी चालत होती. गाणं जमलं होतं. मितेशची ओळ भूपेशकडं गेली, भूपेशची पुढं गेली, आणि खाली शेठ अढळ.

नाक्यावर कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक ट्रक अडकला होता. वरात बघून त्याच्या ड्रायव्हरनं, मोरूनं, हॉर्न दाबला, आणि हॉर्न दाबलेलाच राहिला. मोरू खाली उतरला, बॉनेट उघडलं, कसलीशी वायर ओढली. दिवे बंद झाले, हॉर्न चालू राहिला. तो आवाज शेठच्या स्वराला अगदी लागून, अर्ध्या सुरानं खाली होता. दोन्ही एकत्र झाले तशी लोकांची दातखीळ बसली. घोडा गोल फिरू लागला. भाविकला नवरीच्या हॉलऐवजी पुन्हा पुन्हा एक चपलांचं दुकान दिसत होतं.

"शेठ, थांबा जरा," ललिता म्हणाली.

शेठनी मानेनंच नाही म्हटलं. प्लिंथ थांबत नसते.

ललितानं एक क्षण डोळे मिटले. हॉर्न हलणार नव्हता. मग तिनं पुढं होऊन शेठच्या हातावर हात ठेवला आणि त्यांची नळी चार बोटं बाहेर ढकलली. त्यांचा स्वर घरंगळला आणि हॉर्नवर जाऊन बसला, जसा पाट जमिनीवर बसतो. शेठचे डोळे विस्फारले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना दुसरा स्वर लागला होता, आणि श्वास शाबूत होता.

"सगळे चार बोटं बाहेर," ललिता ओरडली. "प्रत्येक सूर चार बोटं बाहेर. शेवटच्या टोकाला कुणी जायचं नाही."

रांग सरकली. अख्खं गाणं अर्ध्या सुरानं खाली उतरून ट्रकच्या हॉर्नवर उभं राहिलं. भूपेश घाईत टोकाला गेलाच. त्याच्या नळीचा पुढचा भाग निसटून एका काकूंच्या पिशवीत पडला. त्याची ओळ मितेशनं उचलली, न सांगता, आणि भूपेश मोकळ्या हातानं ताल देत राहिला. घोडा सरळ झाला. मोरू ड्रायव्हर बॉनेटला टेकून डोळे पुसत होता. बॅटरी उतरून हॉर्न आपोआप बंद पडेपर्यंत वरात तिथून हलली नाही, आणि मुहूर्त टळला तरी कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर अंजूरच्या बँडाला आमंत्रणं येऊ लागली. पहिलं आमंत्रण देणाऱ्यानं विचारलं, ट्रक बरोबर येतो का? शेठनी मोरूला विचारलं. मोरू म्हणाला, येईन, पण माझं नाव कागदावर कुठं असेल ते आधी सांगा. ललितानं त्याला 'मूळ' लिहिलं.

ती अजून गोडाऊनमध्येच आहे. मास्तर तिला आता सनई आणि क्लॅरिनेट एकत्र कसे बसवायचे ते शिकवतात. शेलारात क्लॅरिनेट वाजवणारा एकच माणूस आहे, तो पीठगिरणी चालवतो आणि गिरणी बंद ठेवायला तयार नाही. म्हणून तालीम गिरणीतच होते. संध्याकाळी ललिता घरी येते तेव्हा तिचे केस, भुवया आणि कागद पांढरे झालेले असतात. शांताबाई दारातच तिला झटकते, आणि झटकता झटकता विचारते, "आज कोण गप्प बसलं?"