उकिडवं बसायचं नाही

घरी सोडताना डॉक्टरांनी एक कागद हातात दिला. त्यावर चार ओळी होत्या. मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. खाली वाकून जमिनीवरचं काही उचलायचं नाही. मी वाचलं आणि विचारलं, "हे किती दिवस पाळायचं?"

"दिवस कसले, बाई? हे आता कायमचंच," डॉक्टर म्हणाले.

मी कोल्हापुरातल्या एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं खेळ शिकवले. शिकवायचे सगळेच, पण जीव खो-खोत. बघणाऱ्याला त्यात पळणं दिसतं. खरा खेळ मात्र बसण्यात असतो. चौकोनात चवड्यांवर उकिडवं बसायचं, टाचा उचललेल्या, बोटं मातीला टेकलेली, आणि पाठीवर खो पडला की तिथूनच सुटायचं. मुरगूडला शाळेत असताना मी हे शिकले, जिल्ह्याकडून खेळले आणि पुढं शेकडो मुलींना बसायला शिकवलं. वर्गात माझी एवढी किंमत नव्हती, पण मैदानात मी खाली बसले की पोरी गप्प होऊन बघायच्या.

उजवा खुबा नोकरीच्या शेवटच्या वर्षांत दुखायला लागला. आधी जिना चढताना, मग झोपेत कूस बदलताना, शेवटी नुसतं उभं राहूनही. निवृत्त झाले त्या वर्षी सांधा पार झिजला होता. ऑपरेशन करून नवा बसवला. शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही, की जुनं दुखणं गेलंय. टाक्यांचं दुखत होतं, पण हाडातली ती कळ नव्हती. मी माझ्या मिस्टरांना म्हटलं, "सहा महिन्यांत मैदानावर असेन बघा." ते एका साखर कारखान्यात फिटर होते. यंत्राचा भाग बदलला की यंत्र चालतं, हे त्यांनी जन्मभर बघितलेलं. ते म्हणाले, "सहा कशाला? चार म्हण."

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट घरी यायची. चाळिशीतली, गडमुडशिंगीची, स्कूटरवरून येणारी. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखीच ती "येतो, जातो" असं बोलायची. पहिल्या दिवशी तिनं मला घोटा वरखाली करायला लावला. मी हसले. म्हटलं, "एवढंच?"

"एवढंच करा की आधी," ती म्हणाली. "मी उद्या येतो, तवर दहा दहादा करून ठेवा."

मी दहाच्या जागी तीसदा केलं. टाच सरकवणं, मांडी आवळणं, कुशीवर होऊन पाय वर उचलणं, सगळं तिप्पट. वॉकर सुटला, काठी आली. दीड महिन्यानं रंकाळ्यावर जायला लागले. मिस्टर पाठीमागून दोन पावलं अंतर ठेवून चालायचे, मी पडले तर धरता यावं म्हणून. तिथं पहाटे निम्मं गाव फिरायला असतं. माझ्या शाळेतल्या जुन्या मुली भेटायच्या, आता त्याही चाळिशी ओलांडलेल्या. "बाई, लवकर बऱ्या व्हा," म्हणत त्या झपझप पुढं निघून जायच्या. पूर्वी त्यांना मागं टाकताना मी वळूनसुद्धा बघत नसे.

चार महिने झाले. सहा झाले. दुखत नव्हतं, पण मी लंगडत होते. उजव्या पायावर भार दिला की कंबर डावीकडं खचायची आणि सगळं अंग बदकासारखं हलायचं. मी आरशासमोर उभी राहून एका पायावर तोल धरायचा प्रयत्न करायची. तीन आकडे मोजेपर्यंतसुद्धा धरता येत नसे. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, उजेडावर धरला आणि म्हणाले, "सांधा एकदम छान बसलाय." मी म्हटलं, "मग मी अशी का चालते?" ते म्हणाले, "व्यायाम चालू ठेवा."

फिजिओला विचारलं तेव्हा तिनं आधी टाळलं. मग खुब्याच्या बाजूला बोट दाबून म्हणाली, "बाई, हितला स्नायू कंबर उचलून धरतो. तुमी दुखणं घेऊन लई वर्षं काढली. तो वाळलाय. मी करून घेतोय, पर तो धरंना झालाय."

"अजून किती करायला पाहिजे?"

"तुमी जास्तच करताय, त्ये बी बरं न्हाई," ती म्हणाली.

मला ते पटलं नाही. मी मुलींना कधी जास्त करू नका म्हणाले नव्हते. जमत नाही म्हणजे कमी केलंय, एवढंच मला ठाऊक होतं.

त्याच सुमारास माझ्या शाळेतून फोन आला. माझ्या जागेवर आता माझीच एक विद्यार्थिनी खेळ शिकवते, पोरी तिला 'नव्या बाई' म्हणतात. ती म्हणाली, "बाई, पंधरा दिवसांवर तालुक्याचे सामने आल्यात. पोरी बसताना चुकायला लागल्यात. नुसतं खुर्चीवर बसून बघा की येऊन." मिस्टरांनी नको म्हटलं. मी गेले.

मैदानाच्या कडेला सावलीत माझी खुर्ची मांडली होती. पोरींनी पाया पडायला गर्दी केली. मला खूप बरं वाटलं, हे कबूल करते. सराव सुरू झाला आणि पाच मिनिटांत मला चूक दिसली. तिसऱ्या चौकोनातली मुलगी टाचा टेकवून बसत होती, त्यामुळं खो पडल्यावर आधी उठत होती आणि मग पळत होती. मी बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं. तिनं टाचा उचलल्या, तर गुडघे फाकले. पुन्हा सांगितलं. तिला कळेना. नव्या बाईंनी दाखवलं, पण त्यांचंही वजन मागं पडत होतं.

मी उठले. काठी खुर्चीला लावली आणि चालत त्या मुलीजवळ गेले. "अशी बघ माझ्याकडं," म्हणाले. तो कागद मला आठवला नाही, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. आठवला होता. मला वाटलं, एकदाच, एक क्षणभर, बघू तरी.

मी अर्ध्याच्या खाली गेले असेन. खुब्यात 'खट्' झालं. तो आवाज मुलींनीही ऐकला. मी कुशीवर पडले. उजवा पाय आतल्या बाजूला वळला होता आणि दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. मी किंचाळले की नाही आठवत नाही. पोरी रडत होत्या, ते आठवतं. ती तिसऱ्या चौकोनातली मुलगी "मी कायच केलं न्हाई, मी कायच केलं न्हाई" म्हणत होती. तिला जवळ घ्यावं असं वाटत होतं, पण माझ्याच्यानं हात उचलवत नव्हता. अँब्युलन्स येईपर्यंत मी मातीतच पडून होते, वर शाळेच्या खिडक्यांतून सगळे वर्ग बघत होते.

नव्या सांध्याचा गोळा वाटीतून निसटला होता. भूल देऊन तो परत बसवला. डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत, मिस्टरांशी बोलले. "एकदा निसटला की पुन्हा निसटायची भीती जास्त असते," ते म्हणाले. "आता ह्यांनी फार जपायला हवं." मिस्टर मान हलवत राहिले. घरी आल्यावर त्यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. तो लावला असता तर बरं झालं असतं.

दीड महिना कमरेपासून मांडीपर्यंत पट्टा होता. शाळेत चौकशी झाली. मुख्याध्यापिकेनं नव्या बाईंना लेखी विचारलं, की आजारी माणसाला मैदानावर बोलावलंच का. सकाळचा सराव दहा दिवस बंद ठेवला. मुली पहिल्याच सामन्यात हरल्या. हे मला नव्या बाईंनी सांगितलं, भेटायला आल्या तेव्हा. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या. मी म्हटलं, "माझ्यामुळं झालं सगळं." त्यांनी "नाही हो बाई" म्हणायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या आता." त्यानंतर त्या आल्या नाहीत. मीही फोन केला नाही.

पट्टा निघाल्यावर फिजिओ पुन्हा यायला लागली. पुन्हा घोटा वरखाली. या वेळी मी हसले नाही. दोन महिन्यांनी एकदा तिनं माझा पाय हातात धरून उचलला आणि खाली ठेवला, आणि मला सरळ विचारलं, "बाई, तुमास्नी काय व्हायला पायजे?"

"नीट चालता यायला पाहिजे."

"काठीबिगर?"

"हो."

ती पलंगाच्या कडेवर बसली. "तुमी खेळ शिकिवलाय, म्हणून खरं बोलतो," ती म्हणाली. "काठी न्हाई सुटायची. हाय ते टिकवायसाठी हे करायचं. वाढंल असं मनात धरू नका."

मी तिला चहा घेऊन जा म्हटलं.  व्यायाम केला की शरीर पुढं जातं, यावर मी तीस वर्षं पगार घेतला होता. पुढं न जाणारा व्यायाम कसा करतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला शिकवलं नव्हतं.

रंकाळ्यावर जाणं मी थांबवलं. आता फाटकापासून कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत जाते आणि परत येते. दर पावलाला आत काही सरकतंय का, याकडं लक्ष असतं. मिस्टर दारात उभे राहून बघतात. मागून येत नाहीत, कारण मीच त्यांच्यावर एकदा ओरडले.

गेल्या आठवड्यात तपासणी होती. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंचा फोटो काढला. डाव्या खुब्यावर पेन टेकवून म्हणाले, "इथंही जागा कमी झालीय. सगळा भार इकडं येतोय ना. घाई नाही, पण पुढंमागं हाही बदलावा लागेल. तोवर व्यायाम सोडू नका."

 घरी आल्यावर मिस्टर म्हणाले, "चहा टाकतो." मी हो म्हणाले, साडी सावरून पलंगावर आडवी झाले आणि दुपारचा व्यायाम सुरू केला. कुशीवर होऊन पाय उचलायचा होता, वीस वेळा. सातव्याला पाय थरथरायला लागला. मी तो खाली ठेवला आणि पुढचे तेरा केले नाहीत.