सरकारी घमेलं आणि माझी वेणी

समस्त जनतेस कळविण्यात येते की, लातूर जिल्हा अस्तित्वात आल्यावर त्यातली पहिली मोठी आणीबाणी माझ्या डोक्यावर ओढवली होती. इतिहासात तिची नोंद नाही, कारण इतिहास लिहिणाऱ्यांचे केस आखूड असतात. माझे गुडघ्यापर्यंत होते. जनतेने कृपया उभे राहावे. बसलात तरी चालेल, गोष्ट लहान आहे.

जिल्हा नवा होता आणि दुष्काळ जुना. आमच्या उदगीरच्या बाजूला विहिरींचे तळ दिसायला लागले होते. गावाबाहेर रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम निघालं. पुरुष टिकावानं मुरूम खणून घमेली भरायचे, आम्ही बायका ती डोक्यावर घेऊन ओळीनं बांधावर चढायचो. मी दहावी होऊन घरी बसले होते. म्हणजे बसले असते, मायनं बसू दिलं असतं तर.

अडचण वेणीची. मोकळी सोडली की वाकताना पुढे येऊन घमेल्यात पडायची, आणि भरणारा गडी तिच्यावर फावडं रिकामं करून मोकळा! मी उठायला जावं, तर माझीच वेणी मला परत खाली बसवायची. मग कमरेला खोचून पाहिली. त्यानं मान मागे ओढली गेली, नजर आभाळाला लागली, आणि मोठ्या रुबाबात चालत मी थेट खड्ड्यात गेले. शिवाय न्हायचं म्हटलं की घागरभर पाणी लागणार. टँकर आला की त्या घागरीवर पहिला हक्क म्हशीचा.

"देवणी गाईच्या शेपटानं माश्या तरी हाकलता येतात," माय म्हणाली. "तुझ्या ह्या शेपटाचा काय उपेग हाय, सांग."

"चांगलं दिसतंय की."

"कुणाला? मुरमाला? हे बघ, कामावर अजून एकदा ह्या केसांपायी खोळंबा झाला, की बाजारातून कात्री आणते आन् मानेपाशी उडवते. लई झालं तुझं."

माय बोलली की करायची. लहानपणापासून करडीचं तेल चोळून हे केस तिनंच वाढवले होते, म्हणजे मालकी हक्कही तिचाच. माझी झोप उडाली.

घमेलं टेकायला बायका डोक्यावर फडक्याची गोल चुंबळ ठेवतात. दुसऱ्या दिवशी मी चुंबळ घरीच ठेवली. वेणी टाळूवर गोल गोल गुंडाळली, सुतळीनं आवळली आणि घमेलं तिच्यावर ठेवलं. काय सांगू! मऊ, घट्ट, जराही न हलणारं. ओळीत माझ्या मागं चालणारी शेजारची म्हातारी ओरडली, "अगं बया! हिनं तर डोस्क्यावर गादीच टाकली!"

मी ओळीतल्या मायकडं वळून म्हणाले, "बघ, उपेग!"

"हाव," माय म्हणाली, "आता माझं तेल घमेल्याला पाज."

पण कात्रीचं नाव काढलं नाही. मी राणीसारखी मिरवत होते.

अशात एके दिवशी मुकादम धावत आला. "नव्या जिल्ह्याचे साहेब यायलेत! ओळ सरळ धरा! पदर नीट घ्या! हसू नका!"

जीप बांधाच्या पायथ्याशी थांबली. साहेब उतरले. त्यांना दिसावं म्हणून मी मुद्दाम शिगोशीग भरलेलं घमेलं उचललं. गडबडीत उचललं ते कड फाटलेलं, जे एरवी कुणी घेत नसे. ऐटीत बांधावर चढले, वाकून मुरूम ओतला, आणि वेणीचा वेढा त्या फाटक्या कडेत अडकला. सुतळी तुटली. घमेलं हातातून सुटलं आणि उतारावरून खणखणत निघालं. लग्नात शेल्याला गाठ मारलेली नवरी जशी नवऱ्यामागं जाते, तशी मी त्याच्या मागं. घमेलं साहेबांच्या बुटापाशी थांबलं. पाठोपाठ मीही पोहोचले, बसूनच.

मुकादमानं वेणी ओढून पाहिली. मी किंचाळले, घमेलं वाजलं, वेणी निघेना. साहेब घड्याळाकडं बघायला लागले.

"विळा आणा रे!" मुकादम घाईला आला. "कापा वेणी, घमेलं मोकळं करा!"

चाऱ्यासाठी आणलेला कुणाचातरी विळा त्याच्या हातात आला. तेवढ्यात बांधावरून माय उतरताना दिसली, डोक्यावरचं घमेलं तिथंच फेकून, पदर खोचून. झाला होता तो खोळंबाच होता, तोही साहेबांसमोर. संपलं, म्हटलं, आता कात्रीचेही पैसे वाचले. मी डोळे मिटून घेतले.

आणि साऱ्या नव्या जिल्ह्याला ऐकू जाईल अशा आवाजात माय ओरडली:

"ए मुकादमा! काप ते सरकारचं घमेलं! माझ्या लेकीच्या केसाला विळा लावलास तर तुझी मिशी राहायची न्हाई!"