टेम्पोच्या पाठीमागची हवा

पुण्याहून परतताना कामथडीच्या अलीकडे टेम्पो थांबला. बॅटरी संपली होती. मी मागच्याच गाडीत होते.

"आता माघारी न्येनार का तुमी ह्याला?" खाली उतरत संघमित्राताईंनी विचारलं.

उत्रोलीच्या महिला गटाचा टेम्पो त्या चालवतात. गटाचा इंद्रायणी तांदूळ पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये थेट पोचवतात. हा इलेक्ट्रिक टेम्पो आमच्या कंपनीने ट्रायलवर दिलेला. एका चार्जमध्ये पुण्याला जाऊन घरी आला तर गटाकडे राहणार, नाहीतर परत. म्हणजे तांदूळ पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात.

मी मॅनेजरना फोन लावला.

"सर, मोठी बॅटरी?"

"बसणार नाही. तुम्ही एअरोडायनॅमिक्सच्या ना? हवेचं बघा."

हवेचं बघणं हीच माझी नोकरी. नातेवाइकांना अजून वाटतं, मी एसी दुरुस्त करते.

टेम्पोला हवा पुढून अडवते, हे सगळ्यांना कळतं. खरी खोडी मागे असते. टेम्पोची चौकोनी पाठ संपते, पण हवेला तिथे एकदम आत वळता येत नाही. मागे भोवरे तयार होतात, दाब कमी होतो आणि टेम्पो मागे ओढला जातो. या भोवऱ्यांच्या पट्ट्याला आम्ही वेक म्हणतो. तो धड एका जागी बसतही नाही, कधी डावीकडे कलतो, कधी उजवीकडे. हायवेवर बॅटरीचा मोठा वाटा या ओढाताणीतच जातो.

गटातल्या कुणीतरी दृष्ट लागू नये म्हणून मागच्या दाराला लोकरीचे दोन गोंडे बांधले होते. टेम्पो पुढे पळत असताना ते मागे उडायचे सोडून दारालाच चिकटत होते, मधूनच दोन्ही एका अंगाला झुकत होते. हे बघायला मी एरवी गाडीवर लोकरीचे तुकडे चिकटवते. इथे आयती सोय होती.

भोरच्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही पत्र्याच्या तीन झडपा करून घेतल्या. एक वर, दोन बाजूंना, मागच्या कडांना बिजागऱ्यांवर बसवलेल्या आणि किंचित आत कललेल्या. हवा त्यांच्याबरोबर हळूच आत वळते, वेक लहान होतो. माल भरताना झडपा उघडून बाजूला लावायच्या.

"हत्तीचं कान लावलं जनू," संघमित्राताई हसल्या.

टेस्ट ट्रॅकवर आकडे झकास आले. मी खूश. पण पुण्याच्या फेरीत परतताना बॅटरी पुन्हा कामथडीच्या अलीकडेच संपली.

"शुक्रवारी शेवटची फेरी," मॅनेजर म्हणाले. "मग टेम्पो परत."

गुरुवारी मी पुन्हा टेम्पोच्या मागे निघाले. हायवेला लागल्यावर बघते तर उजवी झडप सताड उघडी, पार बाजूला टेकलेली! डावी मात्र जागच्या जागी. वेक एका अंगाला खेचला गेला होता आणि ओढ उलट वाढली होती. माझं डोकंच फिरलं. हॉर्न वाजवून टेम्पो थांबवला.

"ताई, झडप कुणी उघडली?"

"म्याच."

"अहो, का पण?"

"झडपेनं नावं झाकत्यात." त्यांनी मागचं दार दाखवलं. गटातल्या सगळ्या बायकांची नावं तिथे पिवळ्या रंगात लिहिली होती. "ओव्हरटेक करनाऱ्याला दिसाय नगं व्हय? सातबाऱ्यावर न्हाईत आमची नावं. हितं हायती."

माझ्या सगळ्या ड्रॉइंगमध्ये ते दार म्हणजे एक कोरा चौकोन होता.

भोरला परतून पेंटर गाठला. सगळी नावं उजव्या झडपेच्या बाहेरच्या अंगाला लिहून घेतली. झडप बंद असली तरच ती ओव्हरटेक करणाऱ्याला दिसतात. बारीक अक्षरात उरकू म्हणणाऱ्या पेंटरला संघमित्राताईंनी असं झापलं की त्याने ब्रशच बदलला.

शुक्रवारी टेम्पो पुण्याला जाऊन उत्रोलीत शिरला, तेव्हा बॅटरीत चार्ज शिल्लक होता. बायका रस्त्यावर येऊन उभ्या होत्या. मला तर रडूच आलं. मॅनेजरना फोटो पाठवला.

"टेम्पो त्यांचा," त्यांचं उत्तर आलं. "पण झडपेवर हे काय लिहिलंय?"

"मालकांची नावं," मी कळवलं.

आता गाडीच्या कुठल्याही भागाचं ड्रॉइंग करताना मी आधी विचारते, त्याच्यावर काय लिहायचंय?