कसोटीवर घासलेलं बक्कल

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती गेली. आता घरात ऐकायला भिंतीच उरल्या — आणि भिंतींना सांगून काय होतंय? म्हणून तुम्हाला सांगायलोय. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

मी परभणीचा. सराफ्यात आमची पिढीजात पेढी होती. पोरगं पुण्याला नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी मी ती बंद केली. दारू नाही, पत्ते नाहीत. नाद एकच — जुनी सोन्याची मनगटी घड्याळं, त्यातही चावीची, टायम मोजायची. म्हणजे बाजूला दोन बटणं असतात. एक दाबलं की लांब काटा पळायला लागतो, परत दाबलं की जागच्या जागी थांबतो. मोबाइलच्या जमान्यात हे काय खूळ, म्हणाल. म्हणा. रोज सकाळी अंघोळ झाली की कपाट उघडायचं, एकेकाला चावी द्यायची, कानाशी धरायचं. घरात दुसरा आवाज नाही. सून फोनवर 'जेवलात का' विचारते, मी 'जेवलो' म्हणतो, संपलं बोलणं.

पण मला घड्याळांचं नाही सांगायचं. म्हणजे — एकाच घड्याळाचं सांगायचंय, आणि ते माझ्या कपाटात नाही.

ते बब्रूच्या वडिलांचं. बब्रुवान माझा शाळेपासूनचा दोस्त. मूळचा वालूरचा, शिकायला परभणीला आला आणि इथंच राहिला. त्याचे वडील वालूरला ड्रिल मास्तर होते. निजामाच्या राज्यात, तरणे असताना, कुण्या हैदराबादी साहेबाच्या घोड्यांच्या शर्यतीत त्यांनी टायम मोजायचं काम केलं आणि साहेबानं खूश होऊन हातातलं सोन्याचं घड्याळ काढून त्यांना दिलं — असं ते सांगायचे. गावातले निम्मे लोक मान डोलवायचे, निम्मे पाठीमागं हसायचे. ड्रिल मास्तराला कोण सोन्याचं घड्याळ देतंय? घड्याळ सोन्याचं असलं तर म्हातारा खरा. पितळेचं असलं तर जन्मभर बाता मारल्या. इतकं सरळ होतं ते. मास्तरांनी ते कधी कुणाला तपासू दिलं नाही. का देतील? आपला शब्द तपासायला कुणाच्या हातात कोण देतं?

मास्तर गेले. मी बब्रूला कितीदा म्हटलं, मला दे ते, बदल्यात माझं कुठलंही घे. तो हसायचा. "शेठ, उद्या बाप बी मागशील का?" त्या हसण्याचा मला राग यायचा. खरं सांगू? माझ्या बापानं जन्मभर सोनं तोललं आणि तो मेला. त्याची चार लोकांत सांगावी अशी एक गोष्ट माझ्याजवळ नव्हती. मी बब्रूवर जळायचो. घड्याळावरून जळायचो आणि बापावरून जास्त.

मग बब्रूच्या पोरीचं लग्न लातूरच्या मुलाशी ठरलं. आमच्याकडं मांडवात जावयाला अंगठी, घड्याळ घालतात. बब्रूच्या मनात आलं, वडिलांचंच घड्याळ जावयाच्या मनगटावर बांधायचं आणि सगळ्यांसमोर त्याची गोष्ट सांगायची. पण सगळ्यांसमोर सांगायची म्हणजे खात्री पाहिजे. तेव्हा पेढी चालू होती. तो दुपारचा आला, रुमालात गुंडाळलेलं घड्याळ गादीवर ठेवलं न म्हणाला, "बघ बाबा. तू म्हणशील ते खरं."

तू म्हणशील ते खरं — सराफाला आणखी काय पाहिजे असतं?

मी मागचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला शिक्के होते. अठरा कॅरेट. स्विस. बटण दाबलं, काटा लोण्यातून सरकावा तसा सरकला. मास्तर खरं बोलत होते. इतकं भारी घड्याळ वालूरच्या ड्रिल मास्तराकडं दुसरीकडून येणार कुठून? आणि आता ते जावयाच्या मनगटावर लातूरला जाणार, घामात, पाण्यात, मोटरसायकलच्या धक्क्यात. माझ्याकडं कधीच येणार नाही.

पट्ट्याचं बक्कल मात्र पितळी होतं. मागं कधी तरी तुटलं असेल, बाजारातून दुसरं लावलेलं. ते मला बघितल्याबरोबर कळलं होतं. मी झाकण लावलं, कसोटीचा काळा दगड पुढं ओढला न त्याच्यावर — काय घासलं? — बक्कल घासलं. पिवळी रेघ उठली. तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडला. सोन्याची रेघ तेजाबात टिकते. ही फसफसली आणि गेली.

मी तोंडानं एक अक्षर बोललो नाही. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःची समजूत घातली की आपण खोटं बोललोच नाही, दगडानं दाखवलं ते त्यानं बघितलं. बब्रूनं "म्हणजे?" विचारलं, तेव्हा मी नुसती 'नाही' अशी मान हलवली. बक्कल तसं घड्याळ, असंच तो धरून चालला.

त्यानं घड्याळ परत रुमालात गुंडाळलं. मग म्हणाला, "बरं झालं गड्या. मांडवात फजिती झाली असती." चहा प्याला. माझे आभार मानले. मला काय वाटलं होतं? की तो म्हणेल, घे, पितळेचं मला काय करायचंय. पुढं मी मागितलंही — जुनी वस्तू म्हणून ठेवतो म्हटलं. तर म्हणतो, "तुझ्या कपाटात खोटं कशाला? शोभत न्हाई." जावयाला बाजारातलं नवं घड्याळ बांधलं. मी अक्षता टाकल्या आणि पंगतीत जिलेबी मागून घेतली.

जुनं घड्याळ बब्रूच्या मायनं आपल्या ट्रंकेत ठेवलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. नवऱ्याचं सोनं म्हणून ती ते पदरानं पुसायची. ती गेली तेव्हा अस्थी घेऊन आम्ही गंगाखेडला गेलो. बब्रू आणि मी, दोघं गोदावरीत गुडघाभर पाण्यात. अस्थी सोडल्यावर त्यानं खिशातून घड्याळ काढलं. "मायचं हाय, मायसंगं जाऊ दे."

तेव्हा बोलता आलं असतं. थांब, सोनं आहे ते — एवढंच तर म्हणायचं होतं. बब्रूला त्याचा बाप परत मिळाला असता. मी गप्प उभा राहिलो. आणि सगळ्यात वाईट ते आता सांगतो: घड्याळ पाण्यात पडलं तेव्हा माझ्या छातीत कळ उठली, ती घड्याळासाठी. बब्रूसाठी नाही, मायसाठी नाही. डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, मी मायसाठी रडायलोय. त्यानंच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आता या घराची कडी वाजवणारा बब्रू एकटाच आहे. सोमवारी संध्याकाळी येतो, येताना कागदात गरम भजी आणतो. सोमवार आला की मला दुपारपासून दारात बघायची सवय लागलीय. सांगितलं तर तो यायचा बंद होईल, म्हणून सांगत नाही. त्याच्या बापाच्या इमानापेक्षा मला माझी सोमवारची संध्याकाळ मोठी वाटते. आहे हे असं आहे.

मागच्या सोमवारी त्यानं नातीला सोबत आणलं होतं. तिनं विचारलं, आजोबा, तुमचे वडील कसे होते? बब्रू हसला. म्हणाला, "मानूस चांगला होता, पण लय बाता मारायचा. विचार ह्या आजोबाला."

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "हो बाई, मारायचे."