तलाव बंद होण्याची बातमी

बातमी घरात आली ती नणंदेच्या फोनवरून. पोहायच्या पिशवीतून ओला टॉवेल काढता काढता ती म्हणाली, "वहिनी, तलाव बंद करतायत म्हणे. तुझ्या पेपरवाल्यांना काही माहीत असतं की नाही?"

बाईंनी पेपर सोडून बरीच वर्षं झाली होती. सगळी नोकरी त्यांनी डेस्कवर काढली होती. दुसऱ्यांच्या बातम्या कापायच्या, सांधायच्या, त्यांना मथळे द्यायचे आणि आपलं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही. आता त्या कॉलेजात पत्रकारितेच्या मुलांना तेच शिकवत. नणंदेच्या लेखी मात्र त्या अजून पेपरातच होत्या आणि पेपरात जे जे चुकायचं त्याला जबाबदारही होत्या.

"कोण म्हणतं बंद होणार?" बाईंनी सवयीने विचारलं.

"आलंय ना. वाच की."

बाईंनी चष्मा लावला. पालिकेचा जलतरण तलाव सोमवारपासून बेमुदत बंद राहणार. खोल बाजूच्या तळाच्या फरशा निखळल्यामुळे निर्णय. पालिकेच्या अधिकाऱ्याची माहिती. पहिल्या वाक्यात बातमी, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात कोण म्हणालं ते. एकही शब्द फुकटचा नाही. कुणी लिहिलीय, बरा हात आहे, असं त्यांच्या मनात आलं न आलं तोच त्या फरशांपाशी अडखळल्या. त्या फरशा त्यांनी स्वतः निखळवल्या होत्या. याच टेबलावर बसून, एका दुपारी, चहा पिता पिता.

पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी त्या असे उतारे रचत. मुद्दाम वेडेवाकडे. खरी बातमी शेवटच्या ओळीत दडवलेली, वर विशेषणांचा चिखल, कोण म्हणालं त्याचा पत्ता नाही. मुलांनी त्यातून नीट बातमी काढायची, जे नसेल ते कल्पनेने भरायचं. तलाव घेतला कारण नणंद रोज त्याच्याच गोष्टी सांगे. तपशील आयते होते.

बाईंना लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण दुसऱ्या नंबरावर. पहिल्यांदा वाटलं ते कुतूहल. वर्गातला उतारा कुणाच्या पायांनी चालत आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला?

"तुम्हाला कुणी पाठवली, वन्सं?"

"कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी. सगळ्या गिऱ्हाइकांचा ग्रुप आहे त्यांचा. इकडे तलावावरचे मास्तर हवालदिल झालेत. शुक्रवारपर्यंत बायकांच्या सकाळच्या बॅचला पुरेशी नावं आली नाहीत, तर ती वेळ शर्यतीच्या पोरांना देणार. आणि बायका म्हणतात, बंदच होणार तर नाव कशाला घाला?" टॉवेल पिळायचा थांबवून ती म्हणाली, "मी आत्ता कुठे कठडा सोडायला लागले होते."

"वन्सं, ही बातमी माझी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे खोटी आहे."

नणंदेने सगळं ऐकून घेतलं. मग टॉवेल दोरीवर टाकत म्हणाली, "जन्मभर लोकांच्या चुका काढल्यास. स्वतःची एक केलीस ती नेमकी माझ्या पाण्यात."

कॉलेजात उलगडा व्हायला वेळ लागला नाही. विभागाचं समाजमाध्यमांवर एक पान होतं आणि ते दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा सांभाळी. नियम बाईंचाच. सामायिक फाइलवर त्यांची हिरवी खूण असल्याशिवाय काही प्रसिद्ध करायचं नाही. खूण असली की विचारायला यायचं नाही. तो उतारा पहिल्या वर्षातल्या एका मुलीने इतका देखणा लिहिला होता, की बाईंनी आनंदाच्या भरात त्यावर हिरवी खूण ठोकून दिली होती.

"खूण होती, मॅडम," मुलगा म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

लिहिणाऱ्या मुलीला वर्गात बॅटरी म्हणत, कारण तिचा फोन सदा मरणपंथाला लागलेला असे. ती भिंतीला टेकून उभी होती. "मॅडम, काढून टाकू का?"

विभागप्रमुखांचंही तेच मत होतं. "काढा आणि गप्प बसा. चार दिवसांत लोक विसरतात."

"चार दिवसांत शुक्रवार होऊन गेलेला असेल, सर," बाई म्हणाल्या. "आणि आपल्या पानावरून काढली तरी लोकांच्या फोनमधून कोण काढणार?"

मग त्यांनी पेपरातल्या रिवाजाप्रमाणे दुरुस्ती लिहिली. अनवधानाने, दिलगिरी, कृपया नोंद घ्यावी. बॅटरीने ती दोनदा वाचली.

"मॅडम, हे कोण वाचणार?"

"ज्याला गरज आहे तो."

"ज्याला गरज आहे त्याला ती आहे हेच कुठे माहितीय?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. पेपरात दुरुस्ती आतल्या पानावर, कोपऱ्यात, बारीक टायपात जायची, आणि ती कुणी वाचतं का असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. "चल," त्या म्हणाल्या. "बातमी कुठून कुठे गेली ते बघून येऊ."

शिंपीणबाई मशीनवर होत्या, तोंडात टाचण्या. बाईंनी कोण ते सांगितलं आणि सरळच विचारलं, "तुम्ही ही पुढे का पाठवलीत?"

टाचण्या हातात आल्या. "आता घ्या! माझ्या निम्म्या बायका तिथे पोहतात. पायाला फरशी लागली म्हणजे?"

"खोटी असेल असं नाही वाटलं?"

"अहो, खोटं मला रोज येतं. ते कसं अंगावर येतं. आत्ताच्या आत्ता दहा जणांना पाठवा, नाहीतर बघा. ही बिचारी शांत होती. कुठे, कधी, का, सगळं जागच्या जागी. खोटं कधी इतकं नीटनेटकं असतं का?"

बॅटरी जमिनीवरच्या चिंध्यांकडे बघत राहिली. नीटनेटकेपणा तिचा होता आणि तो तिला बाईंनी शिकवला होता.

"मग आता खरं काय ते पाठवाल?" बाईंनी विचारलं.

"पाठवीन की. पण सांगणारं माणूस दिसू दे. लिहायला काय, कुणीही लिहील."

तलावाकडे जाताना दोघींचा वाद झाला. बॅटरीचं म्हणणं, लिहिली मी, बोलणार मी. बाई म्हणाल्या, "तू अभ्यास केलास. खूण मी केली." ज्या बाईने कधी बातमीखाली नाव येऊ दिलं नाही तिला आता तोंड दाखवायचं होतं, आणि ते कसं दाखवतात याची तिला सुतराम कल्पना नव्हती.

बॅटरीने त्यांना कठड्याशी उभं केलं, मागे पोहणाऱ्या बायका दिसतील अशा. फोन उभा धरला. बाईंनी घसा साफ केला. "गेल्या काही दिवसांपासून समाजमाध्यमांवर फिरत असलेल्या एका वृत्तासंदर्भात..."

फोन खाली आला. "मॅडम, तलाव चालू आहे हे केव्हा येणार?"

"तिसऱ्या वाक्यात."

"तोवर माणूस दुसरीकडे गेलेला असतो."

"बरं. पुढे?"

"पुढे म्हणजे, सगळं खाली अक्षरांतही घालायचं. लोक आवाज बंद करून बघतात."

"मग मी बोलू कशाला?"

"तोंड बघतात, मॅडम. खरं बोलतंय का ते."

बाईंना हे फारच आवडलं. त्यांनी चार वाक्यं जुळवली. तलाव चालू आहे. बंद होणार ही बातमी आमच्या वर्गातला सराव होता. उतारा मी रचला आणि प्रसिद्धीची परवानगीही मीच दिली. तळाच्या फरशा शाबूत आहेत.

"शाबूत आहेत हे कोण म्हणालं?" बॅटरीने विचारलं.

बाईंनी पाण्याकडे बघितलं. त्यांना पोहता येत नव्हतं. शेवटी मास्तरांनी शिट्टी काढून ठेवली, खोल बाजूला बुडी मारली आणि बऱ्याच वेळाने वर आले. "सगळ्या जागेवर. एकीला तडा आहे, भिंतीलगत. पायाला लागत नाही."

"तर तेही सांगू," बाई म्हणाल्या.

"बाई, ते वगळा ना," मास्तर पाण्यातूनच काकुळतीला आले. "आधीच बायका बिचकल्यात. माझी बॅच जाईल हो."

नणंद तेव्हा कठडा धरून उभी होती. ती बाईंकडे बघत होती.

"सोयीचं तेवढं मी एकदा छापून बसलेय, मास्तर," बाई म्हणाल्या. "तडा आहे तर आहे."

चित्रफीत संध्याकाळी गेली. जुनी बातमी पानावर तशीच ठेवून बॅटरीने तिच्यावर ठळक अक्षरांत 'हे चूक होतं' असं लिहिलं आणि खाली बाईंना बसवलं. खोटी बातमी जितकी फिरली त्याच्या पावपटही ही फिरली नाही. पण शिंपीणबाईंनी ती आपल्या ग्रुपवर टाकली आणि बॅटरीला फोनही केला. "तुझ्या मॅडमना सांग, तडा आहे म्हणाल्या तेव्हा पटलं. नाहीतर वाटलं होतं, सारवासारव चाललीय."

शुक्रवारी सकाळी बाई नणंदेबरोबर तलावावर गेल्या. मास्तर टेबल मांडून बसले होते. बायका येत होत्या. कुणी नाव घालायच्या आधी पाण्यात डोकावत होतं, कुणी तडा कुठाय म्हणून विचारत होतं. काही आल्याच नाहीत. त्यांना खरी बातमी पोचली नाही की पोचून पटली नाही, हे बाईंना समजून घ्यायचं होतं, पण न आलेल्यांना विचारणार कसं? नावनोंदणी बंद व्हायची वेळ झाली तेव्हा एक नाव कमी होतं. शर्यतीच्या पोरांचे प्रशिक्षक पलीकडे घड्याळ बघत उभे होते.

तेवढ्यात एक ठेंगणी बाई आली, मास्तरांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "नेहमीचीच वेळ." मास्तरांनी नाव घातलं आणि शिट्टी गळ्यात अडकवली.

बाई तिच्यामागे कपडे बदलायच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. "तुम्हाला बातमीबद्दल कसं कळलं? चित्रफीत बघितलीत?"

"कुठली बातमी?"

"तलाव बंद होणार, ती."

"का? बंद होणार आहे?"

"नाही, नाही. म्हणजे त्याचं असं झालं..." बाईंनी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात नणंदेने त्यांचा दंड धरला.

"राहू दे, वहिनी. एका तरी बाईला सुखाने पोहू दे."