अध्यक्ष मी, उपाध्यक्ष कचऱ्याच्या आजी

टोकियोच्या एदोगावा भागातल्या आमच्या इमारतीच्या रहिवासी संघाचं अध्यक्षपद कुणालाच नको असतं. पुण्यात आमच्या सोसायटीत याच पदावरून दोन सख्खे शेजारी आयुष्यभर एकमेकांशी बोलले नाहीत. इथे नाव सुचवायची वेळ आली की माणसं माना खाली घालून आपापल्या मोज्यांकडे बघत बसतात. मोज्यांकडे, कारण सभेच्या खोलीत बूट बाहेर काढून जावं लागतं. मग शेवटी तळमजल्यावरचे आजोबाच पुन्हा अध्यक्ष होत. त्या वर्षी मात्र आजोबांनी गुडघ्याच्या ऑपरेशनचं कारण सांगून हात टेकले आणि येत्या सभेसाठी एक जोडी सुचवली. अध्यक्ष भारतीय, उपाध्यक्ष जपानी. इमारतीतली निम्मी घरं आता आपल्या लोकांची. आपले लोक जपानी नोटिसा वाचत नाहीत, आणि जपानी लोकांना आपल्या लोकांबद्दलच्या तक्रारी तोंडावर करता येत नाहीत. मधलं कुणीतरी हवं होतं.

भारतीय म्हणजे मी. आणि जपानी म्हणजे माझ्या बरोबर खालच्या घरात राहणाऱ्या कचऱ्याच्या आजी.

हे नाव आमच्या घरातलं. आजींचं वय ऐंशीच्या पुढे असावं, पण कमरेत वाकलेल्या असल्या तरी नजर ससाण्याची. इथे कचरा प्रकारानुसार वेगळा करून ज्याच्या त्याच्या ठरलेल्या दिवशीच टाकायचा. पिशव्याही पारदर्शक असतात, म्हणजे आपण काय खातो-पितो ते जगजाहीर. आजी रोज सकाळी त्या पिशव्यांची तपासणी करत. कुठे चूक सापडली की पिशवी उचलून दोन जिने चढून त्या घराच्या दारात आणून ठेवत. लिफ्ट आहे हो आमच्याकडे! पण आजी जिन्यानेच येत. माझी पिशवी अशी कितीदा परत आली त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. वर चिकटवलेल्या पट्टीवर आमच्या घराचा नंबर आणि खाली चूक. नाव नाही, गाव नाही. नंबर बघितला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आता खरं सांगते. मला ते पद हवं होतं. मी या देशात आले ती नवऱ्याच्या नोकरीमागून. ऑफिसच्या कार्यक्रमात मी ‘ओकुसान’, म्हणजे अमक्याची बायको. शाळेत तमकीची आई. दवाखान्यात नवऱ्याचं आडनाव पुकारतात आणि मी उठते. पुण्यात मी कॉलेजात शिकवत होते, कॉरिडॉरमधून चालले तर मुलं बाजूला व्हायची. इथे इतक्या वर्षांत मला मी म्हणून कुणी हाक मारली नव्हती. अध्यक्षाला इथे ‘कायचो-सान’ म्हणतात. आजोबांनी जोडीची गोष्ट काढली त्या दिवसापासून भांडी घासताना मी मनातल्या मनात ती हाक ऐकत होते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पण बाशिंग कुणाला दिसू नये याची मी पुरेपूर काळजी घेत होते.

रात्री जेवताना नवऱ्याने जोडीचं मूल्यमापन सुरू केलं. हा तोयोसुच्या ऑफिसात दिवसभर हेच करतो, त्यामुळे त्याला घरीही चेव येतो.

“आधी प्लस पॉइंट,” तो म्हणाला. “तुझा आवाज. माइक लागणार नाही.”

“आणि मायनस?”

“तुझा आवाज.”

मी त्याच्या पानात न विचारता आणखी भात वाढला. तो पुढे म्हणाला, “आजींचा प्लस, त्यांना सगळे घाबरतात. मायनस, त्यात तूही आहेस.”

“मी? मी कुणाला घाबरत नाही.”

“मग बाटल्या टाकायला मला का पाठवतेस?”

मुलगी आठवीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जपानीत येतं. ती फोनमधून मान वर न करता म्हणाली की दोघी मिळून जास्तीत जास्त एक आठवडा टिकाल.

“खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे,” नवरा म्हणाला. “तुला ‘नको’ ऐकू येत नाही. दिवाळी आठव.”

दिवाळीचं असं झालं होतं, की पिशव्यांचं वैर असलं तरी सण तो सण म्हणून मी चकल्यांचा डबा घेऊन आजींच्या दारात गेले. त्या दोन्ही हात हलवून नको म्हणाल्या. मी म्हटलं, घ्या हो. त्या पुन्हा नको म्हणाल्या. मी म्हटलं, घरी केलेल्या आहेत. तिसऱ्यांदा त्या दार लावायला लागल्या, तेव्हा मी फटीतून डबा आत सरकवला आणि पळाले. दोन दिवसांनी डबा धुऊन, फडक्यात बांधून दारात आला. आत साखरेत घोळवलेली छोटी बिस्किटं होती. चिठ्ठी वगैरे काही नाही.

“याला जबरदस्ती म्हणतात,” नवरा म्हणाला.

“याला आग्रह म्हणतात,” मी म्हटलं, आणि विषय संपवला.

सभा रविवारी सकाळी होती. कागदी कपांत हिरवा चहा, समोर आजोबा, त्यांच्या शेजारी हाताची घडी घालून बसलेल्या कचऱ्याच्या आजी. मागच्या रांगेत आपले लोक, त्यात नवरा. आमच्या जोडीचे गुणदोष आमच्यासमोरच पारखायला सुरुवात झाली. आपल्याकडे हे काम पाठीमागे चालतं आणि म्हणून रंगतं. इथे गुण तोंडाने सांगतात आणि दोष दातांतून हवा ओढून.

एक गृहस्थ म्हणाले, “यांचा आवाज फार उत्साही आहे.” सगळ्यांनी माना हलवल्या. एक बाई म्हणाल्या, “आजींची नजर फार बारीक आहे.” पुन्हा माना. मग ते गृहस्थ म्हणाले, “पण दोघी एकत्र म्हटल्यावर...” आणि त्यांनी दातांतून स्स करून हवा आत घेतली. वाक्य तिथेच राहिलं. खोलीतल्या प्रत्येकाने ते मनातल्या मनात पूर्ण केलं, मीसुद्धा.

आजोबा दुखऱ्या गुडघ्यानिशी उठले, माझ्याकडे वळून वाकले आणि म्हणाले, “तुम्हाला एवढा त्रास द्यावा का, हाच प्रश्न आहे. अध्यक्ष व्हाल का?”

माझ्या तोंडून आपोआप गेलं, “छे छे, मला कुठलं जमतंय!”

आमच्याकडे होकाराची सुरुवात अशीच होते. गाणं म्हण म्हटलं तर आधी घसा बसलेला असतो. जिलबी वाढायला आले तर आधी पानावर हात आडवा जातो. तो हात बाजूला करायचं काम वाढणाऱ्याचं. मी हात आडवा धरला आणि वाट बघत बसले.

आजोबा आणखी खाली वाकले. “खरंच, फार मोठं ओझं तुमच्यावर टाकत होतो. क्षमा करा.” त्यांच्याबरोबर पुढची अख्खी रांग वाकली. मग आजोबा बसले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “पुढचा विषय, सायकली लावायची जागा.”

झालं. वाढपी पुढच्या पानावर गेला.

मागून नवरा कुजबुजला, “अगं, बोल ना!”

“गप्प बस,” मी म्हटलं. पण माझे डोळे भरून आले होते. हात वर करून ‘मला हवंय’ म्हणायचं, एवढंच तर होतं. जीभच वळेना. मागून घ्यायचं म्हणजे काय मग! मी माझ्या मोज्यांकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्या सभेत इतरांसारखी बसले होते.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कचऱ्याच्या आजी उभ्या होत्या.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “या बाईंचं उत्तर अजून पूर्ण झालेलं नाही.”

सायकली थांबल्या.

“गेल्या वर्षी यांनी मला एक डबा आणून दिला. मी नको म्हटलं. पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा दार लावत होते, तरी डबा घरात आला. मला फार राग आला होता. नंतर एकटीच बसून खाताना लक्षात आलं. यांच्याकडे पहिलं ‘नको’ म्हणजे नुसता नमस्कार असतो. खरं उत्तर त्याच्या मागे येतं. आपण यांना एकदाच विचारलंय.” आणि वर म्हणाल्या, “खाणं तिखट होतं.”

आणि त्या माझ्याकडे वळल्या. “अध्यक्ष व्हाल का?”

देवाशपथ, मला हो म्हणायचं होतं. तोंडून निघालं, “नाही हो, खरंच...”

मागे नवऱ्याने कपाळावर हात मारल्याचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. आजींच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. डबा तिसऱ्या नकारानंतर आत गेला होता, हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं.

“व्हाल का?”

“बरं,” मी म्हटलं. “तुम्ही एवढं म्हणताय तर.”

टाळ्या वाजल्या. हवा ओढणाऱ्या गृहस्थांनी ती एकदाची बाहेर सोडली. आजी खाली बसल्या आणि आजोबांना म्हणाल्या, “आता सायकली.” माझ्याकडे त्यांनी परत बघितलंसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात बाटल्यांच्या दिवशी मी स्वतः पिशवी खाली ठेवून आले. अध्यक्षाने नवऱ्याला पाठवणं बरं दिसत नाही. तासाभराने दाराबाहेर खुडबुड झाली. उघडून बघते तर पिशवी परत. एका बाटलीचं झाकण तसंच राहिलं होतं. जिन्यावरून सावकाश खाली उतरणारी पावलं ऐकू येत होती.

“अध्यक्षांचा पहिला सत्कार!” आतून नवरा ओरडला.

मी पट्टी वाचली. खाली नेहमीसारखी चूक होती, ‘झाकण वेगळं’. वर घराचा नंबर नव्हता. तिथे ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘कायचो-सान’.

मी पट्टी हलक्या हाताने सोडवली आणि फ्रिजच्या दारावर लावली. मुलगी कळवळून म्हणाली, “आई, यामेते!” म्हणजे, नको ना. मी काही काढली नाही. मग झाकण वेगळं केलं, पिशवी उचलली, आणि लिफ्ट सोडून जिन्याने खाली गेले. वाटेत आजींच्या दारासमोर थांबून मोठ्याने सांगितलं, “कायचो बोलतेय, झाकण काढलं!”